दादाचं स्वतःचं गाणं

आमचा गायक दातांचा डॉक्टर आहे. दिवसभर लोकांना "आ करा" म्हणतो आणि शनिवारी लांब केसांचा वीग चढवून स्वतःच आ करतो. ड्रमवर फरशा बसवणारा मिस्त्री, कीबोर्डवर शाळेतल्या गणिताच्या बाई, बेसवर मी, चष्म्याच्या दुकानातला. आणि लीड गिटारवर माझा थोरला भाऊ, दादा. पन्नास वर्षांपूर्वी एक रॉक बँड होऊन गेला, आम्ही त्यांचीच गाणी त्यांच्यासारखीच वाजवतो, दुसरं काहीही नाही. त्यांना आम्ही आपसांत 'मूळवाले' म्हणतो. स्टेजवर प्रत्येक गाण्याआधी डॉक्टर ते त्यांच्या कुठल्या रेकॉर्डमधलं आहे ते सांगतो. बावीस वर्षं झाली. लोक म्हणतात, डोळे मिटले तर फरक कळत नाही. इतकी वर्षं मला हे कौतुकच वाटायचं.

नकलेच्या बाबतीत दादाइतका कडक माणूस मी पाहिलेला नाही. मूळवाल्यांच्या एका रेकॉर्डमध्ये त्यांच्या गिटारवाल्याचं बोट घसरलंय. दादाने ते घसरणं तीन महिने घोटलं. "चूक असली तरी त्यांची आहे," म्हणायचा. शिवाय त्याने आम्हाला एक खेळ लावला होता, पकडापकडी. तालमीत तो न सांगता कुठल्याही गाण्याच्या कुठल्याही ओळीवर सुरू करायचा आणि बाकीच्यांनी लगेच आपापल्या जागी शिरायचं. जो चुकेल त्याने सगळ्यांचे कप धुवायचे. पहिली दोन वर्षं कप मीच धुतले. पुढे कोणी चुकेचना, तेव्हा ज्याचे त्याने धुवायचे असं ठरलं.

गेल्या वर्षी दादाच्या डाव्या हाताची करंगळी बधिर झाली, मग तिच्या शेजारचं बोट. नसांचा आजार. वर्षभराने तार दाबता येणार नाही, असं तपासणाऱ्यांनी तोंडावर सांगितलं. दादा तिथून थेट माझ्या दुकानात आला आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसला.

"एक तरी गाणं माझं व्हायला पाहिजे रे," तो म्हणाला. "हात आहे तोवर. एकच."

त्याने कधी कुणाकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. मला रडू यायला लागलं, म्हणून मी त्याचा चष्मा काढून घेतला आणि उगाच स्क्रू घट्ट करत बसलो.

आठ महिने तो त्या गाण्यामागे लागला होता. आम्हाला एक सूर ऐकवला नाही. फक्त वहिनींना भिंतीपलीकडून ऐकू यायचं. "मला तर पाठ झालंय भावजी," त्या म्हणायच्या. "भांडी घासताना तेच येतं तोंडात." लग्नाला तीस वर्षं होऊन नवऱ्याचं स्वतःचं काहीतरी पहिल्यांदा ऐकायला मिळालं, याचा त्यांना कोण आनंद.

गेल्या रविवारी सकाळी दादाने सगळ्यांना बोलावलं. आमची तालमीची खोली म्हणजे गॅरेजच्या वरचा माळा, भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. वहिनी अकराला चहा घेऊन ऐकायला येणार होत्या. दादा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आला होता.

"मी एकदा वाजवतो," तो म्हणाला. "जमलं तर मागून या. तुमचं तुम्ही बसवा. यात मूळवाले नाहीत, त्यामुळे चूक अशी काही नाहीच."

त्याने सुरुवात केली. संथ चाल होती, बोटं साथ देत नव्हती म्हणून आणखी संथ. पहिली ओळ मला फार आवडली. दुसरी ओळ मनातल्या मनात मी त्याच्या आधीच म्हणून टाकली.

मला ती चाल माहीत होती. मूळवाल्यांच्या तिसऱ्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूचं शेवटचं गाणं. पहिल्या वर्षी आम्ही त्यांची सगळी गाणी बसवली होती, त्यात हेही होतं. मग लोकांना ते माहीत नाही म्हणून सोडून दिलं. दादा विसरला होता. त्याचे हात विसरले नव्हते.

मी डॉक्टरकडे पाहिलं. तो खाली बघत होता. बाईंनी डोळे मिटून घेतले होते आणि त्यांची बोटं हळूच पट्ट्यांवर उतरली, बरोबर त्यांच्या जागी. मिस्त्री शिरला, मीही शिरलो. दादाचा चेहरा उजळला. "वा!" तो म्हणाला. "एका फटक्यात!"

पुढे काय येतंय ते मला ठाऊक होतं. त्या गाण्यात कडव्याच्या शेवटी सगळे दोन मात्रा एकदम थांबतात आणि मग ड्रमवर दोन टोले पडतात. मी ठरवलं, इथे चुकायचं. ती शांतता मोडायची, वाटेल तो सूर वाजवायचा, म्हणजे दादाला कळणार नाही. थोरल्या भावासाठी एक चूक, एवढंच काम होतं.

कडवं संपलं. दादा थांबला. बाई थांबल्या, मिस्त्री थांबला. आणि मीही थांबलो. माझा हात तारेवर आडवा पडला होता, बावीस वर्षं पडतो तसा. मग मिस्त्रीचे दोन टोले.

दादा हसत होता. मग हसू तसंच राहिलं आणि डोळे आमच्यावरून फिरले. ही थांबायची जागा त्याने कुणालाच सांगितली नव्हती.

"कितवं?" त्याने विचारलं.

डॉक्टर म्हणाला, "तिसरी रेकॉर्ड. मागच्या बाजूचं शेवटचं."

"हां," दादा म्हणाला. "हो. आहे की." त्याने डाव्या हाताकडे पाहिलं. दुसरं गाणं करायला आता त्या हातात दिवस नव्हते, हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. आडात दुसऱ्याचंच पाणी भरत आलो आम्ही, पोहऱ्यात आपलं कुठून येणार? मला माझे हात तोडून टाकावेसे वाटले.

तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. वहिनी थर्मास घेऊन दारात उभ्या.

"मी खालूनच ऐकलं!" त्या धापा टाकत म्हणाल्या. "किती छान जमलं हो सगळ्यांचं, जसं काही कधीपासून वाजवताय! शनिवारी स्टेजवर घेणार ना?"

"घेऊ," दादा म्हणाला.

"आणि कुणाचं आहे ते सांगायचं बरं का, डॉक्टर."

डॉक्टरने वीगची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"सांगतील," दादा म्हणाला. "नेहमी सांगतात तसंच सांगतील."

वहिनींचं समाधान झालं. त्यांनी चहा ओतला. दादाने कप दोन्ही हातांनी धरला, प्यायला, आणि मग आम्हा सगळ्यांचे कप गोळा करून धुवायला घेऊन गेला.