गाईशी इतर संपर्क

पालमच्या बसस्टँडमागं राजेश्रीचं सासर. पुढं दोन खोल्या, मागं गोठा. आतल्या खोलीत खिडकीपाशी तिचं टेबल आणि त्यावर लॅपटॉप. बी.एस्सी. झाल्यावर तिनं एक ऑनलाइन कोर्स केला होता आणि हैदराबादच्या एका कंपनीचं काम घरी बसून मिळवलं होतं. अमेरिकेतल्या दवाखान्यात पेशंट येऊन गेला, की डॉक्टरनं लिहिलेलं नीट वाचायचं आणि त्या भेटीला बरोबर कोड लावायचा. त्या कोडवर तिकडं बिल बनतं. कोड चुकला की बिल परत येतं, नाहीतर भलताच खर्च पेशंटच्या माथी बसतो.

शिकाऊ म्हणून तिचा तो शेवटचा आठवडा होता. संध्याकाळपर्यंत द्यायच्या कागदांवरून तिला कायम करायचं की नाही ते ठरणार होतं. तपासणाऱ्या नीलम मॅडम मूळच्या सेलूच्या, लग्नानंतर हैदराबादला गेलेल्या. बोलायला गोड, पण चूक दिसली की सोडत नसत.

सगळे कागद झाले आणि शेवटच्यावर राजेश्री अडली.

एक म्हातारा शेतकरी तातडीच्या दवाखान्यात आला होता. तिकडं असे दवाखाने असतात. आधी वेळ न घेता जायचं, पण जिवावरचं दुखणं असेल तर तिथं नाही, मोठ्या इस्पितळात. म्हाताऱ्याचं उजवं मनगट सुजलेलं. एक्स-रे काढला, हाड शाबूत निघालं, पट्टी बांधून गोळ्या लिहून दिल्या.

आधी बघायचं, पेशंट नवा की जुना. दोन वर्षांपूर्वी तो इथंच खोकल्यासाठी येऊन गेला होता. तीन वर्षांच्या आतला, म्हणजे जुना. मग भेटीची पायरी, म्हणजे डॉक्टरचं काम किती अवघड होतं ते; पायरी जितकी वरची तितकं बिल मोठं. गोळ्या लिहून दिल्यात म्हणून तिचा हात चौथ्या पायरीकडं गेला, पण ती थांबली. दुखणं साधं, तपासणी एकच. नुसत्या गोळ्यांनी पायरी चढत नाही. तिनं तिसरी लावली. इथवर तिच्या मनात शंका नव्हती.

राहिलं कारण. लागलं कशानं, त्याचाही कोड असतो. डॉक्टरनं लिहिलं होतं, 'घरी गाईमुळे दुखापत.' एवढंच. यादीत गाईचे तीन कोड होते: गाय चावली, गाईचा मार लागला, गाईशी इतर संपर्क.

ती दार उघडून बाहेर आली. पेशंटबद्दल घरात अवाक्षर काढायचं नाही, हा कंपनीचा कडक नियम होता. म्हणून तिनं सासूला आडून विचारलं.

"आत्याबाई, गाईमुळं माणसाला कसं कसं लागू शकतं?"

कडूबाई ज्वारी निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. "कुणाला लागलं?"

"कुणाला न्हाई. असंच इचारायले."

"असंच कुणी इचारतं व्हय? चल गोठ्यात."

तेवढ्यात तिचा नवरा जीवन त्याच्या मोटार रिवायंडिंगच्या दुकानातून जेवायला आला. त्याच्या आईनं त्याला हात धुवायलाही सवड दिली नाही, गाईजवळ उभं केलं.

"बग, ही अशी लाथ मारती. मागं न्हाई, बाजूला. अशी भिंतीला दाबती. असा पाय देती पायावर. शिंगाचं तर इचारूच नको. जीवन, खाली बस, धार काढायलास असं दाखव."

"माय, मला भूक लागलीय."

"बस म्हन्ले ना!"

जीवन बसला. गाईनं शेपटीचा एक फटकारा त्याच्या तोंडावर मारला आणि राजेश्री पदर तोंडाला लावून हसत सुटली.

"लाथच आसंल," कडूबाईंनी निकाल दिला. "धा जनातल्या नवांना लाथच बसती."

राजेश्रीलाही ते पटलं. टेबलाशी येऊन तिनं 'मार लागला' निवडलंसुद्धा. पण बटण दाबवेना. लाथ डॉक्टरनं कुठं लिहिली होती? लाथ तर पालमच्या गोठ्यातली होती. तिनं नीलम मॅडमना फोन लावला.

"बरेच जण मार लावून मोकळे होतात," मॅडम म्हणाल्या. "तुला काय वाटतं?"

"मला वाटून काय उपेग, मॅडम? लिहिलेलं न्हाई. डॉक्टरला विचारायचं म्हणते."

"उत्तर उद्या येईल. तुझा एक कागद आज अपुरा दिसेल."

कायम व्हायचं ते याच कागदांवर होतं. तरी ती म्हणाली, "दिसू द्या."

तिनं डॉक्टरला दोन ओळींचा प्रश्न पाठवला, उत्तर आपणच सुचवल्यासारखं होऊ नये म्हणून लाथेचं नावही न काढता, आणि लॅपटॉप बंद केला.

इकडं कडूबाईंच्या डोक्यातून काही गाय जाईना. सून सांगत नाही म्हणजे लागलेला माणूस गल्लीतलाच, असं त्यांनी धरलं. संध्याकाळी शेजारचे दिनकरराव लंगडत जाताना दिसले तशा त्या वाटी घेऊन आडव्या झाल्या.

"हळद लावा, भाऊजी. लाजायचं काय त्यात? जनावर हाय, मारायचंच."

"कोनतं जनावर? नवी चप्पल चावायलीय मला!"

दिनकररावांनी हळद मात्र घेतली.

सकाळी राजेश्रीनं चहाही न घेता लॅपटॉप उघडला. उत्तर आलं होतं. डॉक्टरनं म्हाताऱ्याला फोन करून विचारलं होतं. तो स्टुलावर बसून बादली घासत होता. म्हातारी गाय मागून आली आणि तिनं त्याची मान चाटली. त्याला अशा गुदगुल्या झाल्या की हसता हसता तो स्टुलावरून हातावर पडला. पुढं डॉक्टरनं लिहिलं होतं: 'सांगतानाही तो हसतच होता.'

राजेश्रीनं स्टुलावरून पडल्याचा कोड लावला. त्याच्याखाली लावला, 'गाईशी इतर संपर्क'. बटण दाबलं आणि मग तिला आवरेना. टेबलावर डोकं टेकवून ती हसायला लागली.

कडूबाई धावत दाराशी आल्या. "काय झालं गं?"

"सांगता येत न्हाई, आत्याबाई!" आणि ती अजूनच हसली. तिच्याकडं बघून कडूबाईंनाही हसू फुटलं. ब्रश तोंडात धरून जीवन आला. दोघींकडं बघून तोही फेसाळ तोंडानं हसायला लागला. का, ते त्याला कळेना, त्याच्या आईलाही कळेना.

दुपारी नीलम मॅडमचा फोन आला.

"अपुऱ्या कागदाचं मी वरती सांगितलं. अंदाजानं कोड न लावता थांबून विचारलंस, म्हणून अपुरा. पुढच्या सोमवारपासून तू कायम. आणि हो, तुझी गाय वाचून सगळं ऑफिस हसलंय."

राजेश्री फोन ठेवून अंगणात आली. कडूबाई वाळवण पसरत होत्या.

"आत्याबाई, मी कायम झाले."

कडूबाईंनी दोन्ही हात तिच्या गालांवरून फिरवून आपल्या कानशिलाशी बोटं कडाकडा मोडली. मग जीवनच्या दुकानाच्या दिशेला तोंड करून, तीन गल्ल्या मधे असताना, त्याला ऐकू जाईल अशी हाक मारली: "जीवन! येताना जिलेबी आन रे! लय आन!"