कडूबाईची चाल

आश्रुबा खुर्चीतून पुन्हा उठला तेव्हा त्याचा हात गुपचूप गुडघ्यावर गेला. डॉक्टर मंजुषानं ते पाहिलं.

"बाबा, हाताचा आधार नाही घ्यायचा."

"आधार कुठं घेतला? गुडघा जाग्यावर हाय का ते बघत व्हतो."

दिंद्रुडच्या शाळेच्या व्हरांड्यात म्हाताऱ्यांच्या शरीराचं वय मोजायचं शिबिर होतं. जन्माचं वय काही का असेना, मुठीचा जोर, उठबस आणि चाल यांवरून शरीर किती थकलंय ते कळतं, आणि वेळीच कळलं तर अंथरूण धरायची पाळी टाळता येते, असं मंजुषा सगळ्यांना समजावत होती. आश्रुबाला काळजी वेगळीच होती. त्याचा मुलगा बिभीषण खांबाला टेकून उभा होता. त्यानं सकाळीच बजावलं होतं, माय-बाप दोघंही थकलेले निघाले तर शेळ्या माजलगावच्या बाजारात.

शेवटी चाल मोजायची होती. रांग मोठी होती, म्हणून मंजुषानं आश्रुबाला आणि त्याच्या बायकोला, कडूबाईला, एकदमच सोडलं. नेहमी चालता तसं चाला म्हणाली. आश्रुबा छाती काढून निघाला. कडूबाई पदर सावरत त्याच्या मागून.

आश्रुबाचं वय सत्तर. शरीराचं निघालं एकोणऐंशी. कडूबाईचं पासष्ट; शरीराचं बहात्तर.

"झालं," बिभीषण म्हणाला. "टेम्पो सांगून ठिवतो."

मंजुषा मात्र कडूबाईच्या आकड्यांकडे बघत राहिली.

"मावशी, तुमची मूठ माझ्यापेक्षा घट्ट आहे. उठताबसताना दमसुद्धा लागला नाही. मग चालताना काय झालं?"

कडूबाईला प्रश्नाचंच नवल वाटलं.

"आता ह्यांच्या पुढं जाऊ का?"

रांगेतल्या बायांनी तोंडाला पदर लावला. मंजुषानं आश्रुबाला बाकावर बसवलं आणि कडूबाईला एकटीला चालायला सांगितलं. तिनं आधी नवऱ्याकडे पाहिलं. तो छताकडे बघू लागला. मग ती निघाली ती व्हरांडा ओलांडून, पायऱ्या उतरून पार फाटकापर्यंत गेली. हाका मारून तिला परत आणावं लागलं.

"छप्पन्न," मंजुषा म्हणाली.

"म्हंजी शेळ्या ऱ्हातेत!" आश्रुबा ओरडला.

"ऱ्हाऊ द्या की," बिभीषण म्हणाला. "पर त्यांच्या मागं आता माय जाईल. तुमी घरी ऱ्हावा, आबा."

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत कडूबाईनं शेळ्या सोडल्या. आश्रुबा दारापर्यंत सूचना देत गेला. काळी लई लबाड हाय. ऊस दिसला की शिरती. लंगडीला मागं सोडू नको.

"ठावं हाय मला."

"आन् मी दुपारी काय खाऊ?"

"पीठ डब्यात हाय," ती चालता चालता म्हणाली आणि शेळ्यांसोबत वळणाआड गेली.

आश्रुबा चुलीपाशी आला. फळीवर डबेच डबे होते, सगळे एकसारखे. पहिल्यात डाळ निघाली. दुसऱ्यात गूळ. त्यानं दाराकडे एकदा पाहिलं, गुळाचा खडा तोंडात टाकला आणि तिसऱ्या डब्याला हात घातला.