लाल दिव्याचा बूस्टर

रहाटणीतल्या त्या दुमजली इमारतीच्या गच्चीवर रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. अँटेनाच्या खांबाला हात लावून मंत्रानं टीव्ही दुरुस्त करणारे हिंदुराव डोळे मिटून उभे होते. कपाळाला अष्टगंध, अंगात इस्त्रीचा शर्ट आणि खिशाला स्क्रू-ड्रायव्हर.

"वरून सिग्नल भरपूर येतोय," ते म्हणाले, "पण वास्तू तो घेत न्हाई. लहर अडतीय. साधा बूस्टर इथं कामाचा न्हाई. सिद्ध बूस्टर लागतो. त्यात फ्रिक्वेन्सी बी हाय आणि मंत्र बी हाय!"

डिश अजून घरोघर पोचली नव्हती. इमारतीतल्या चार बिऱ्हाडांना मिळून हा एकच अँटेना होता, आणि तीन आठवडे चारही टीव्हींवर नुसत्या मुंग्या दिसत होत्या. हिंदुरावांनी अँटेनाशी थोडी खुडबुड केली, राखाडी रंगाचा एक डबा खांबाला बांधला, वायर त्यातून ओवली आणि काहीतरी पुटपुटले. डब्यावरचा लाल दिवा लागला. त्याच क्षणी खालून गिरजाबाई ओरडल्या, "आलं! चित्र आलं!"

चारही बिऱ्हाडांनी डब्याचे पैसे मोजले, गच्चीवर टाळ्या पडल्या. त्यात गिरजाबाईंचे यजमान भिमाजीही टाळ्या वाजवत होते, आणि खरी गोष्ट इथेच सुरू होते.

भिमाजी चाकणच्या एका कंपनीत तीस वर्षांपासून मेंटेनन्स फिटर होते. दरवर्षी विहारात अंधश्रद्धेवर त्यांचं भाषण ठरलेलं. अंगात येणं, भानामती, लिंबू-मिरची, कशालाही ते सोडत नसत. त्या सकाळी ते गच्चीवर आले होते तेच मुळी हिंदुरावांना उघडं पाडायला. पण हिंदुराव त्यांच्याकडे वळून म्हणाले, "साहेब, मधे बारा डेसिबल कमी पडतायत. तुम्ही टेक्निकल माणूस, तुमच्या लक्षात आलंच असंल."

डेसिबल म्हणजे नक्की काय, हे भिमाजींना ठाऊक नव्हतं. पण चार शेजाऱ्यांसमोर तसं म्हणायचं कसं?

"आलं, आलं," ते म्हणाले. इतरांना हिंदुरावांनी मंत्रात गुंडाळलं, भिमाजींना डेसिबलमध्ये. फरक एवढाच की भिमाजींना वाटलं, आपण शास्त्र मानलं.

आठवड्याभरानं मुंग्या परतल्या. हिंदुरावांना बोलावणं गेलं. हात पुढे धरून ते इमारतीभोवती फिरले आणि तळमजल्यावरच्या रुक्मिणीबाईंच्या खिडकीशी थबकले. रुक्मिणीबाई अंबाजोगाईकडच्या. नवरा गेल्यावर एकट्या राहत होत्या आणि कंपनीत कामाला जाणाऱ्या सड्या पोरांना भाकरीचे डबे करून देत होत्या.

"लहर इथं जड हाय," हिंदुराव हळूच म्हणाले. "ह्या हातचं जे भाईर जातं, त्याच्यासंगं लहर बी जाती."

दुसऱ्या दिवसापासून रुक्मिणीबाईंचे डबे एकेक करून बंद होऊ लागले.

हे भिमाजींना मुळीच पटलं नाही. "हा शुद्ध मागासपणा आहे," ते गिरजाबाईंना म्हणाले. "मी शास्त्रीय पद्धतीनं छडा लावतो." त्यांनी एक वही केली. भिमाजींची दिवसपाळी असली की गिरजाबाईंनी नोंद करायची, ते घरी असले की त्यांनी स्वतः. पंधरा दिवसांनी त्यांनी तक्ता मांडला आणि त्यांना घाम फुटला. रोज साधारण दहा ते दोन चित्र जात होतं. मधे रुक्मिणीबाई चार दिवस लेकीकडे पुनावळ्याला गेल्या होत्या, तेव्हा दिवसभर चित्र स्वच्छ होतं.

"बाबाबुवांवर माझा विश्वास नाही," भिमाजींनी जिन्यात सगळ्यांना वही दाखवली, "पण आकडे ते आकडेच."

वहीनं मंत्रापेक्षा जास्त काम केलं. उरलेले दोन डबेही बंद झाले. खुद्द भिमाजींनी गिरजाबाईंना सांगितलं, "प्रयोग संपेपर्यंत आपणही रुक्मिणीबाईंकडून भाकरी नको घ्यायला, घरीच करू."

त्याच आठवड्यात एका सकाळी रुक्मिणीबाई त्यांच्या दारात आल्या. आत आल्या नाहीत.

"भिमाजीभाऊ, म्या खोली सोडायली. पोरीकडं जाते. तुमचं चित्र तरी नीट होऊ द्या."

तेवढ्यात आतून भिमाजींची मुलगी मैत्री बाहेर आली. ती तळवड्याच्या एका कंपनीत टेस्टिंग विभागात होती आणि त्या दिवशी तिची सुट्टी होती.

"मावशी, आजचा दिवस थांबा," ती म्हणाली. "पप्पा, ती वही बघू."

भिमाजींनी जरा अभिमानानंच वही दिली. मैत्रीनं पानं उलटली.

"दहा ते दोन मावशी काय करतात, हे कुठं लिहिलंय?"

"त्याचा काय संबंध?"

"तेच बघू. टीव्ही उचला."

लहानसा टीव्ही गच्चीवर नेला. वरच्या खोलीतून वायर ओढून वीज घेतली. बातमी पसरली, लोक जमले. डब्याची शक्ती भरायची म्हणून हिंदुरावही आले. अकरा वाजले होते आणि खाली घराघरात मुंग्या चालू होत्या. मैत्रीनं खाली जाणारी वायर अँटेनापासून सोडवली आणि हातभर वायरीनं टीव्ही थेट अँटेनाला जोडला. लख्ख चित्र!

"अँटेनात सिग्नल पुरेसा आहे," ती म्हणाली. "म्हणजे बूस्टरची गरजच नव्हती. खरा बूस्टर जे येतं ते मोठं करतो. वाटेतल्या मुंग्या त्याला लागल्या तर त्याही मोठ्या करतो. वायर फार लांब असेल किंवा टीव्ही खूप जोडायचे असतील, तर तो कामाचा. आणि हा तर बूस्टरही नाही."

तिनं डबा उघडला. वायर एका भोकातून आत येऊन न कापता दुसऱ्या भोकातून बाहेर गेली होती. आत दोन सेल, एक लाल दिवा आणि वजनासाठी प्लास्टरचा गोळा.

"उघडल्यामुळं शक्ती गेली!" हिंदुराव ओरडले.

"आत्ता डबा जोडलेलाच नव्हता, तरी चित्र आलं," मैत्री म्हणाली.

"मग त्या रविवारी कसं आलं गं?" गिरजाबाईंनी विचारलं.

"हे टोक नवंय, आणि खांबावर जुन्या बाजूची खूण दिसतेय. यांनी डबा बांधायच्या आधी गंजलेलं टोक कापून नवं बसवलं आणि अँटेनाचं तोंड सिंहगडावरच्या दूरदर्शनच्या टॉवरकडं फिरवलं. काम चोख केलं. नुसत्या कामाचे पैसे मागितले असते, तर कुणी नाही म्हटलं नसतं."

मग तिनं वायर पुन्हा जोडली आणि तिच्या मागानं सगळे खाली उतरले. गच्चीवरून खाली आलेल्या वायरीला चार घरांचे फाटे फुटण्याआधी, रुक्मिणीबाईंच्या खिडकीसमोर एक जोड होता, आणि तिथं आडव्या गेलेल्या वायरीवर ओलं लुगडं वाळत होतं. मैत्रीनं लुगडं उचललं. वरच्या बिऱ्हाडात टीव्हीपाशी एकाला बसवलं होतं, त्याचा आवाज आला, "आलं!" पुन्हा टाकलं. "गेलं!" तीन वेळा हेच झालं. ओल्या लुगड्याच्या भारानं जोड ताणला जात होता, वाळून हलकं झालं की टेकत होता.

"डबा बसल्यावर आठ दिसांनी आमची दोरी तुटली म्हून वायरीवर घालायले," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "मला कुणी इचारलंच न्हाई."

मैत्रीनं जोड निरखला. "हा असा कुणी मारलाय? जखमेची चिकटपट्टी गुंडाळलीय!"

मागून भिमाजींचा आवाज आला, "मी."

कुणीतरी फिस्सकन हसलं. तीस वर्षं मुरलेले मेंटेनन्स फिटर कान लाल करून उभे होते. दोन तरुणांनी हिंदुरावांची कॉलर धरली, तेव्हा भिमाजी पुढे आले.

"सोडा त्यांना. पैसे परत घ्या आणि जाऊ द्या. त्यांनी एक डबा विकला. मी पंधरा दिवस वही लिहून तुम्हाला तो खरा करून दाखवला." ते रुक्मिणीबाईंकडे वळले. हात जोडले.

"माफी सावकाश मागा," त्या म्हणाल्या. "आधी डबे चालू करा."

त्या वर्षी विहारातल्या भाषणात भिमाजींनी ना भानामती काढली, ना लिंबू-मिरची. स्वतःचीच गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली, डेसिबलसकट. लोक पोट धरून हसले. हसू ओसरल्यावर ते म्हणाले, "समोरचा कपाळाला काय लावतो ते बघू नका, आणि किती अवघड शब्द बोलतो तेही बघू नका. तो म्हणतो ते तपासता येतं का, एवढंच बघा. कळलं नाही तर 'कळलं नाही' म्हणायला शिका. आणि एखाद्या माणसावर आळ येत असेल, तर वही उघडण्याआधी त्या माणसाला विचारा."

"आणि सांगणारा भिमाजी असला तर?" मागून कुणीतरी ओरडलं.

"तर दोनदा तपासा!"