दवाखान्याखालची चुंबळ

मित्रांनो, उदगीरच्या आमच्या चार मजली बाळंतपणाच्या दवाखान्यात तुम्ही आलात, तरी मी तुम्हाला दिसणार नाही. मी खांबाखाली, जमिनीच्या पोटात असते. रबराचे आणि पोलादाचे पातळ थर एकावर एक रचून, तापवून, दाबून मला घडवलं. इंजिनिअर मला बेअरिंग म्हणतात, गवंडी गादी म्हणतात. प्रत्येक खांबाखाली माझी एकेक बहीण आहे. भुई हादरली की आम्ही सरकतो, धक्का अंगावर घेतो आणि वर फार पोचू देत नाही.

दवाखाना डॉक्टर वीरेशचा, वरच्या मजल्यावर त्याचं घर. पण त्यानं मला आणलं ते त्याच्या आईसाठी, शरणम्मासाठी. त्र्याण्णवच्या भूकंपात तिचं दगडामातीचं घर बसलं आणि थोरली लेक त्यात गेली. तेव्हापासून ती स्लॅबखाली झोपली नाही. अंगणातलं पत्र्याचं शेड, तेच तिचं घर. आता वरच्या मजल्यावर नात जन्मली होती, तरी आजी हलेना. पोरीला खाली आणा, एवढंच म्हणायची.

आम्हाला सरकता यावं म्हणून दवाखान्याभोवती हातभर फट मोकळी ठेवली होती. पण आमच्याकडं भूकंपापासून एक सवयच लागलीय. कुठं भेग दिसली की माणसं ताटावरून उठून ती बुजवतात. ही फटही शरणम्माला भेगच वाटली. वीरेश लातूरला गेलेला. तिनं सिद्रामप्पा गवंड्याकडून फटीत मुरूम भरून घेतला, वरून सिमेंट. मी जखडले, मित्रांनो. ज्या कामासाठी जन्मले, तेच करता येईना आणि सांगायला तोंड नव्हतं.

वीरेश परतला. रागावला नाही, आईशेजारी बसला.

"अव्वा, डोक्यावर घागर घेताना खाली काय ठेवायचीस?"

"चुंबळ. मान हलली तरी पाणी हिंदळू न्हाई म्हणून. एवढं ठाव न्हाई, डॉक्टर झालास?"

"मी घराखाली तीच ठेवलीय. ही फट म्हणजे तिला हलायला जागा."

शरणम्मानं गवंड्याला बोलावून घेतलं.

"सिद्रामप्पा," ती म्हणाली, "चुंबळीला कुणी सिमिट लावतं व्हय रे? काढ ते."

सकाळी तुम्हीच तर सांगितलं, असं काहीतरी तो पुटपुटला. तिनं डोळे वटारले. त्यानं पहार उचलली.

फट मोकळी झाली. तरी आजी वर आली ती थेट बारशाला, आणि दारातच बसली, चपला हाताशी ठेवून. नातीला तिनं थोरल्या लेकीचं नाव दिलं, मंजुश्री.

पाळण्याचं गाणं संपतंय तोच भुई हादरली. गल्लीतली माणसं रस्त्यावर धावली. आम्ही बहिणी सरकलो आणि पुन्हा जागेवर आलो. वर पाळणा हलला तो कुणी हातानं झोका द्यावा तसा. बाळ जागंही झालं नाही.

शरणम्मा उभी राहिली होती, एक पाय चपलेत. तिनं बाळाकडं पाहिलं, पाय काढून घेतला आणि दाराकडं निघालेल्या बायकांना म्हणाली, "बसा की. खाली चुंबळ हाय."

त्या दिवसाइतका अभिमान मला कधी वाटला नाही.

आता शेडात झाडांच्या कुंड्या आहेत. शरणम्मा रोज सकाळी झाडू घेऊन फटीतला पाला काढते आणि तिथं कुणी वीट जरी टेकवली तरी त्याची खैर नसते. मित्रांनो, तुम्हालाही एखाद्या इमारतीभोवती अशी फट दिसली, तर तिच्यात काही टाकू नका. ती आमची हलायची जागा आहे.

दुपारी काम उरकलं की आजी वर जाऊन नातीजवळ आडवी होते. एका मंजुश्रीला मी वाचवू शकले नाही, तेव्हा मी नव्हतेच. ही मंजुश्री मात्र माझ्या भरवशावर झोपते, आणि तिची आजीही.