ससाणा टेकडीवरचा दुसरा माणूस

आमच्या हाचॉनमध्ये बसमधून उतरलं की समोरच प्यो हवालदारांचा पुतळा आहे. मशीनगनवर ओणवे, दात आवळलेले. पुतळा बसवला तेव्हा हवालदार चांगले हिंडतेफिरते होते. रोज सकाळी त्याच्यासमोरूनच ते बाजारात यायचे, पण मान वर करून त्याच्याकडे पाहताना मी त्यांना कधी बघितलं नाही. मला वाटायचं, माणूस लाजाळू आहे. माझं वाळक्या मासळीचं दुकान, शेजारी सुनिमताईचं टोफूचं. ती म्हणायची, "लाजणारा माणूस इकडेतिकडे बघतो. हे खाली बघतात."

सुनिमताईचे वडील, योम हाकसू, उत्तर-दक्षिण लढाईत हवालदारांच्याच तुकडीत होते. ससाणा टेकडीवर त्या रात्री एका गनवर या दोघांना ठेवलं होतं. सकाळी कुमक वर पोचली तेव्हा टेकडी आपल्याच हातात होती, गनपाशी प्यो एकटे बसले होते आणि योमांचा पत्ता नव्हता. प्योंना पदक मिळालं. योमांबद्दल ते एवढंच म्हणाले, की मागे वळून पाहिलं तर तो नव्हता. पुढचं लोकांनीच लावून घेतलं. योम उत्तरेच्या सैन्याला जाऊन मिळाला.

त्या काळात हा शिक्का पुसला जात नसे. घरी महिन्या-दोन महिन्यांनी पोलीस यायचे, नवऱ्याचा काही निरोप आला का म्हणून आईला विचारायचे. सुनिमताई हुशार होती, पण पोस्टातली नोकरी तिला मिळाली नाही. आईला नवऱ्याचं श्राद्धही घालता आलं नाही. पळून गेलेला माणूस जिवंतच धरायचा ना! ती फक्त त्याच्या वाढदिवशी एक वाटी भात जास्त वाढायची.

आणि या घराला मदत कोण करायचं? प्यो हवालदार. दर शरदातल्या सणाला दारात पर्सिमनची टोपली ठेवून जायचे. एकदा पोलीस आईला ठाण्यात घेऊन गेले तर पदक लावून तिथे जाऊन बसले आणि तिला सोडवून आणलं. गावाला केवढं कौतुक! पळपुट्याच्या बायकोलासुद्धा हा माणूस टाकत नाही. सुनिमताईला मात्र लहानपणापासून तेच खुपायचं. "ज्यानं यांना मरणाच्या तोंडात एकटं टाकलं, त्याच्या पोरीसाठी फळं?" ती मला म्हणायची. "राग कसा नाही येत यांना?"

दर जूनमध्ये स्मृतिदिनाला हवालदार शाळेत लढाईची हकीकत सांगत. पोरं जांभया देत. सुनिमताई दरवर्षी मागे उभी राहून ऐकायची. कधी योम अंधार पडतानाच गेलेला असायचा, कधी पहाटे. एका वर्षी तर तो दारूगोळा आणायला गेलेला होता.

"वय झालंय त्यांचं, विसरतात," मी म्हणायचे.

"गोळ्या कुठून सुटत होत्या, ते कधी विसरत नाहीत. बाबा कधी गेले तेवढंच विसरतात."

मग सैन्याची माणसं टेकडीवर खणायला आली. त्या लढाईतल्या बेपत्ता जवानांच्या अस्थी शोधत होती. वाट दाखवायला अर्थातच हवालदारांना नेलं. त्यांनी काठीने दक्षिणेचा उतार दाखवला. दोन वसंत खणलं, एक गंजलेलं शिरस्त्राण सापडलं. सुनिमताई कामगारांसाठी टोफू घेऊन वर जायची. एक दिवस तिने तिथल्या तरुण कॅप्टनला विचारलं, "गन कुठे होती?"

"त्या पुढच्या खंदकात, आजी."

"मग तिथे का नाही खणत?"

"हवालदार आजोबा म्हणाले, तिथे कोणी पडलं नव्हतं."

"त्यांना न विचारता एकदा खणून बघा ना."

आठवड्याभरात तिथे हाडं निघाली. हातभर खोल, गनच्या जागेला लागून, डोकं उत्तरेकडे. भोवती रिकाम्या काडतुसांचा खच. सुनिमताईच्या गालात कापूस फिरवून नमुना नेला. पानं गळायला लागली तेव्हा कॅप्टन स्वतः दुकानात आला, टोपी काढून उभा राहिला. तो बोलायच्या आधीच ती कमरेचं फडकं सोडून खाली बसली.

दुसऱ्या दिवशी ती हवालदारांकडे गेली. एकटी नको म्हणून मला बरोबर घेतलं. म्हातारा अंगणात मुळे धूत होता. आम्हाला बघून त्याने नळ बंद केला.

"काका, बाबा सापडले."

"कळलं मला."

"तुम्हाला आधीपासूनच माहीत होतं."

ते हातातल्या मुळ्याची माती खरवडू लागले. मग म्हणाले, "दारूगोळा आणायला मी गेलो होतो. तो नव्हे. आणि परत आलोच नाही. खाली एका खड्ड्यात पडून राहिलो. वर गन रात्रभर चालू होती. पहाटे ती थांबली, तेव्हा मी वर गेलो."

"आणि?"

"तो पडलेला होता. मी त्याच्यावर माती ओढली. मग बसलो. तेवढ्यात आपली माणसं आली. साहेबानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाला, एकट्यानं धरलीस रे टेकडी. मी नाही म्हणालो नाही. मग त्यानं विचारलं, दुसरा कुठे आहे?"

"तिथेच आहे, एवढं म्हणायचं होतं."

"मग कोणी विचारलं असतं, की त्याच्या अंगाची चाळण झाली आणि तुझ्या अंगावर ओरखडा कसा नाही."

सुनिमताई रडली नाही. "स्मृतिदिनाला हे सगळ्यांसमोर सांगा," ती म्हणाली. त्यांनी मान डोलावली. हिवाळाभर ती डब्यात सूप घेऊन त्यांच्याकडे जात राहिली, त्यांनी शब्द फिरवू नये म्हणून.

त्यांनी फिरवला नाही. जूनमध्ये पुतळ्यासमोर, माईक धरून, त्यांनी सगळं सांगितलं. खड्डासुद्धा. "टेकडी योम हाकसूनं राखली," असं दोनदा म्हणाले. मग स्मारक समितीचे अध्यक्ष ग्वाक पुढे झाले, त्यांनी हलकेच माईक काढून घेतला. "बघा मंडळी, मोठेपण कशाला म्हणतात! साथीदाराच्या लेकीचं दुःख हलकं व्हावं म्हणून हा माणूस स्वतःचा पराक्रमसुद्धा देऊन टाकतो." टाळ्यांचा कडकडाट झाला. हवालदार काहीतरी बोलत होते, पण माईक त्यांच्याकडे नव्हता.

संध्याकाळपर्यंत बाजारात कुजबुज सुरू झाली. ही का जात होती हो रोज म्हाताऱ्याकडे? सुपात काय घालत होती? आता पुतळा बापाचा बसवा म्हणेल बघा. प्योंची सून तर माझ्या तोंडावर म्हणाली, "तुमच्या मैत्रिणीनं आमच्या सासऱ्यांच्या डोक्यात नाही नाही ते भरवलं." सुनिमताईचं निम्मं गिऱ्हाईक तुटलं.

सैन्याने मात्र योमांना रीतसर मानवंदना देऊन राष्ट्रीय दफनभूमीत पुरलं. सुनिमताईने पहिल्यांदा बापाचं श्राद्ध घातलं. पुढच्या हिवाळ्यात हवालदार गेले. अख्खं गाव लोटलं होतं. ताई अंत्यदर्शनाला गेली, रीतीप्रमाणे दोनदा वाकली, आणि ती उठेपर्यंत सगळे तिच्या हातांकडे बघत होते, काही ठेवते की काही उचलते म्हणून.

परतताना मी म्हटलं, "चला, त्यांनी निदान जाण्याआधी खरं सांगितलं."

"सगळं सांगितलं, असं वाटतं तुला?"

"आता आणखी काय राहिलं?"

"बाबा पडलेले होते म्हणाले. गेलेले होते, असं नाही म्हणाले. त्यांनी माती ओढली तेव्हा बाबांचा श्वास चालू होता का, हे मी विचारलं नाही."

"का नाही विचारलंस, ताई? हिवाळाभर जात होतीस."

"नव्हता, असंच सांगितलं असतं ना त्यांनी. आणि माझा विश्वास बसला नसता."

पुतळ्यापाशी फुलांचे हार घेऊन माणसं उभी होती. आम्ही रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने दुकानाकडे गेलो.