सात थर रंगाचे

मित्रांनो, गावाच्या मधोमध दगड-चुन्याचं जुनं सभागृह दिसतं ना, ते मीच. शंभरी केव्हाच उलटली. पण देवाच्या कृपेनं मान अजून ताठ आहे.

मला बांधलं तेव्हा घरटी एक माणूस चुना मळायला येई. पुढे माझ्याच छपराखाली मतदान झालं, बाळांना लसी टोचल्या, लग्नाच्या पंगती उठल्या. शाळेची कौलं उडाली तेव्हा दोन वर्षं वर्गही इथेच भरले. ऐकून ऐकून माझे तेरापर्यंत पाढे पाठ झाले. मग शाळेला नवं छप्पर आलं आणि चौदाचा राहिला तो राहिलाच.

दर तीन वर्षांनी सगळ्यांनी मिळून मला रंगवायचं, ही गावाची रीत. आधी चुन्याची सफेदी असे. "चुना कपड्यांना लागतो, त्यापेक्षा ऑइल पेंट मारू," असं ठरलं, आणि मी गुलाबी झालं, पोपटी झालं, आकाशी झालं. खोटं कशाला बोलू, मीही मिरवलं! पण माझ्या भिंतीत चढणारी ओल हवेत उडून जायची, ती वाटच रंगानं बुजली. पोपडे आले. पोपडा दिसला की माझी मायाळू माणसं त्यावर आणखी एक हात मारत.

शेवटी इंजिनिअर साहेब आले. टकटक करून म्हणाले, "भिंती गेल्यात. पाडा."

सरपंचबाईंचा चेहरा उतरला. माझा तर पायाच हलला.

तेवढ्यात गवंडीकाम करून म्हातारी झालेली एक आजी थापी घेऊन पुढे आली. "साहेब, पाडायचं ते पाडा, पण आधी हिचे सात स्वेटर तर उतरवा! जीव घुसमटलाय बिचारीचा."

"आजी, भिंत आहे ती, माणूस नाही."

"म्हणून तर गप्प बसली. माणूस असती तर केव्हाच ओरडली असती!"

तिनं वीतभर खरवडलं. आत गिलावा ओला होता, पण दगड जागचा हलला नव्हता. साहेब वाकून बघत राहिले. म्हणाले, "एक भिंत मोकळी करा. दोन महिन्यांनी बघतो."

सारा गाव खरवडायला लोटला. गुलाबी थर लागताच सरपंचबाईंचे यजमान थबकले. "अगं, हा आपल्या लग्नाच्या वर्षीचा!"

"खरवडा हो," बाई म्हणाल्या, "तेवढ्यानं लग्न नाही मोडत."

दोन महिने ऊन-वारा अंगाला लागला. साहेब आले, त्यांनी भिंतीवर तळहात ठेवला. कोरडी ठणठणीत! पाडण्याचा विषय तिथेच मिटला. मग ते हळूच आजीजवळ सरकले. "आजी, आमच्या गावच्या शाळेलाही मीच ऑइल पेंट लावून घेतलाय. याल का एकदा?"

मित्रांनो, जुन्या वास्तूवर माया जरूर करा. फक्त हात लावण्याआधी तिला काय सोसतं, हे जाणत्याला विचारा. अजून तीन भिंती बाकी आहेत माझ्या. सुट्टीत या. "थापी मी देते," असं आजी म्हणाली आहे.