उसनी नाती

विभागात तिला सगळे मासेवाली म्हणत, पण तिनं मासा कधी हातात धरला नव्हता. तिचं सगळं काम संगणकावर. पेशीतलं कुठलं प्रथिन कुणाला जाऊन चिकटतं, याचं माणसातलं जाळं आणि माशातलं जाळं ती शेजारी शेजारी मांडायची आणि दोन्हींत सारखं काय ते शोधायची. तीन वर्षं हेच. सोबतची मैत्रीण नोकरी बदलून गेल्यापासून खोलीत बोलायलाही कुणी नव्हतं.

निकाल मात्र दृष्ट लागावी असा आला. हृदयातल्या प्रथिनांची साडेचारशे नाती दोन्ही जिवांत जशीच्या तशी. लेख छपाईला गेला. मग एका दुपारी, हाताला काम नाही म्हणून, तिनं माशाच्या तयार नोंदी संग्रहात मुळात आल्या कुठून ते उघडून पाहिलं. बहुतेक नाती कुणी माशात तपासलीच नव्हती. माणसात आहेत, म्हणजे माशातही असणार, असं धरून भरलेली. इतके दिवस ती माणसाचीच माणसाशी तुलना करत बसली होती.

ती तडक सरांकडे गेली.

"खरोखर तपासलेली किती उरतात?" सरांनी विचारलं.

"एकोणीस."

सरांनी चष्मा काढून पुसला. "अशा नोंदी सगळेच वापरतात. कुणी बघायला जाणार नाही."

"मी बघितलंय, सर."

"मग घे लेख मागे. तुझ्या नोकरीच्या पुढच्या मुदतवाढीचं मात्र मला काही सांगता यायचं नाही."

तिनं त्याच दिवशी लेख मागे घेतला. रविवारी ताईचा फोन आला. "काय म्हणतात तुझे मासे?"

"बरे आहेत," ती म्हणाली. ताई मग आपल्या गुडघ्याबद्दल बोलत राहिली. हिनं हूं हूं केलं.

सोमवारी ती उरलेली एकोणीस नाती काढून बसली. सगळी एकाच बाईंनी तपासलेली, दूरच्या एका प्रयोगशाळेतल्या साध्या तंत्रज्ञ. तिनं त्यांना पत्र लिहिलं. आठवड्यानं उत्तर आलं.

"मी केव्हाच निवृत्त झाले. त्या कामात माझी चार वर्षं गेली, पण त्याबद्दल विचारणारं हे पहिलंच पत्र. वह्या जपून ठेवल्यात. काय हवं ते विचारा."

तिनं ते दोनदा वाचलं. कुणाला तरी वाचून दाखवावंसं वाटलं. मग तिनं पहिला प्रश्न लिहायला घेतला.